समासातली ओळ

सरांच्या बुटाची नाडी बांधायला हेमांगी खाली वाकली आणि तिच्याच बोटांना गाठ जमेना. एकदा सुटली, दुसऱ्यांदाही सुटली. सर खुर्चीत पाय पुढे करून बसले होते. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, केस पाणी लावून विंचरलेले. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना वाकता येत नसे, आणि काचबिंदूमुळे समोरचा माणूस म्हणजे नुसता आकार दिसे.

“हात थरथरतायत तुझे,” सर म्हणाले. “व्हायवा तुझी आहे की माझी?”

“माझीच आहे, सर.”

“मग घाबरतेस काय? भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुझा अभ्यास चोख आहे.”

रंभाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “पहाटे चारपासून तयार आहेत हे. लग्नालासुद्धा एवढे वेळेवर आले नव्हते.”

हेमांगी हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. डोंबिवलीतल्या या दोन खोल्यांत ती खरं तर सरांना न्यायला नाही, एक गोष्ट विचारायला आली होती. ठाण्याला जायची गाडी साडेनऊला येणार होती, ती आठलाच पोचली होती. आता नऊ वाजून गेलेले आणि प्रश्न अजून घशातच होता. कसा विचारणार? ‘सर, तुम्ही ती ओळ मनाने रचलीत का?’ सव्वीस वर्षांच्या संसारात रंभाबाईंनीही त्यांना कधी खोटं पाडलं नसेल. तिने तिसऱ्यांदा गाठ मारली आणि ती घट्ट बसली.

रवींद्र ओव्हाळ सरांनी डोंबिवलीच्या कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातही त्यांचा जीव जडला तो हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीवर. शहाऐंशी साली परदेशात एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा तिकडच्या जुन्या ग्रंथालयांत बसून त्यांनी हस्तलिखितांतल्या ओळी हाताने उतरवून आणल्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेली तीनशे कार्डं. पुढे ती मूळ कार्डं वाळवीने खाल्ली, पण तोवर पोरांनी त्यांच्या झेरॉक्स काढल्या होत्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या होत्या. पुस्तकं नसलेल्या त्या कॉलेजात अभ्यास म्हणजे ओव्हाळ सरांची झेरॉक्स.

त्याच झेरॉक्सवर हेमांगीचा प्रबंध उभा होता. जुन्या इंग्रजीत फक्त दोघांसाठी वेगळी सर्वनामं होती. ‘विट’ म्हणजे आम्ही दोघं, ‘यित’ म्हणजे तुम्ही दोघं. आपल्या संस्कृतात आवाम् आणि युवाम् आहेत ना, तसंच. ती कुठून आली आणि का गेली, हा तिचा विषय. जाणकार सांगत की ‘यित’चं मूळ रूप ‘युत’ असलं पाहिजे, युवाम् च्या जवळचं. पण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून सगळ्या ग्रंथांत त्याच्या डोक्यावर एक छोटी चांदणी असे. चांदणी म्हणजे हा शब्द असणार, पण पुरावा नाही.

आणि सरांच्या कार्ड क्रमांक दोनशे बारावर पुरावा होता. वर एका स्तोत्रग्रंथातली ओळ आणि तिच्याखाली, त्याच पानाच्या समासात कुणा लेखनिकाने खरडलेली दुसरी ओळ, ‘तुम्ही दोघं इथेच थांबा, मी दिवा घेऊन येतो.’ त्यात स्पष्ट ‘युत’. बिनचांदणीचं.

हेमांगीने अख्खं चौथं प्रकरण त्या ओळीवर बांधलं. सरांना पहिली तीन प्रकरणं तिने वाचून दाखवली, चौथं मुद्दाम ठेवलं. जगाला जे सापडलं नाही ते आमच्या सरांनी टिपून आणलं होतं, हे तिला भर सभेत सांगायचं होतं. सरही म्हणाले होते, “चौथं मी तिकडेच ऐकेन.”

परवा दुपारी तिने स्लाइडवर लावायला त्या पानाचं चित्र शोधलं. ग्रंथालयाने नुकतीच त्या हस्तलिखिताची काही पानं नेटवर टाकलेली. पान उघडलं. कार्डावरची वरची ओळ जशीच्या तशी होती. खाली समास कोरा. तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. चामड्याची रंध्रं दिसायला लागली, पण अक्षर नाही.

चौदा वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. पुढच्या महिन्यात कायम जागेची मुलाखत होती आणि त्याला डॉक्टरेट लागणार होती. पण खरं सांगायचं तर दोन रात्री तिला झोप लागली नाही ती नोकरीपायी नाही. सरांनी असं का केलं असेल, या एका विचाराने ती कूस बदलत राहिली. ज्या माणसाने तिला अक्षरओळख दिली त्याच्यावर चोरासारखा संशय घ्यायचा, आणि तो मनातून जाईना, हे भयंकर होतं.

गाडीत सर सारखे बोलत होते. ती बाहेर बघत हो हो म्हणत होती. दिवा मागे पडलं, कळवा मागे पडलं. विचारायला हवं होतं, तोंड उघडलं नाही.

ठाण्यातल्या संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर तिची आई, सरस्वती, आधीच येऊन बसली होती. कोपरीच्या बाजारातला मासळीचा वाटा शेजारणीच्या हवाली करून, हिरवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून. परीक्षकांना जेवण उमेदवाराच्या घरचं, ही तिकडची रीत. आईने ती मनावर घेतली होती.

“अगो, तोंड का उतरलंय तुजा?” आई म्हणाली. “त्या दोघांच्या शब्दापायी एवढी सुकलीस. तो शब्द मेलाच ना शेवटी? मानसा वाढली की दोघांचा वेगला काय उरतंय?”

“आई, जरा गप्प बस ना.”

“बसतंय बाय, बसतंय.”

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक म्हणजे डॉ. स्वप्ना करंदीकर. पन्नाशीच्या, उंच, पांढरे केस आखूड कापलेले. अध्यक्षांशी बोलल्या, हेमांगीचे गाइड प्रशांत देसले यांच्याशी बोलल्या. फक्त ओव्हाळ सर बसले होते त्या कोपऱ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. सरांची ओळख करून द्यायला देसले पुढे झाले, तर बाईंनी फोन कानाला लावला. हेमांगीच्या मनात आलं, काय हा तोरा! एवढ्या म्हाताऱ्या माणसाला साधा नमस्कार नाही.

चहाच्या वेळी बाई तिच्याजवळ आल्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून आल्या.

“पान एकशे त्रेचाळीस,” त्या हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या. “समासातली ती ओळ. तुम्ही मूळ पान पाहिलंत?”

खरं सांगितलं तर इथेच संपलं. सरांचंही संपलं. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं, ते आईला काहीतरी सांगत होते.

“हो,” ती म्हणाली. “पाहिलं, मॅडम.”

“स्वतः?”

“हो.”

बाईंच्या हातातला कप बशीवर किणकिणला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला. “बरं,” एवढंच म्हणून त्या गेल्या. आता या मला सगळ्यांसमोर सोलणार, हेमांगीला वाटलं. खोट्याच्या कपाळी गोटा, आई नेहमी म्हणे. तिने बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि सभागृहात शिरली.

सभागृहात तीसेक माणसं. कॉलेजातले सहकारी, काही विद्यार्थी, मागच्या रांगेत आई. सर पहिल्याच रांगेत, काठी दोन पायांत धरून. हेमांगी उभी राहिली आणि बोलायला लागली. आवाज येत होता, तो आपलाच आहे एवढं तिला कळत होतं. ‘विट’मध्ये ‘दोन’ कसा मुरलेला असावा, ते सांगितलं. उत्तर समुद्राच्या काही बेटांवर दोघांचे शब्द अगदी विसाव्या शतकापर्यंत टिकले, ते सांगितलं. चौथ्या प्रकरणाची स्लाइड आली तशी तिने ती दोन वाक्यांत उरकली. ओळ वाचलीच नाही.

मग प्रश्न सुरू झाले. करंदीकर बाईंनी पहिला विचारला, दुसरा विचारला. पाच प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी हेमांगीला वाटे, आता तोच, आणि प्रत्येक प्रश्न दुसऱ्याच कशाबद्दल निघे. सहावा विचारायच्या आधी बाईंनी पानं चाळली. एकशे त्रेचाळीसच्या आसपास बोट थांबलं, हेमांगीने बघितलं. मग बाईंनी प्रबंध मिटला.

“माझे प्रश्न संपले,” त्या म्हणाल्या.

हेमांगीला आधी कळलंच नाही. सुटले मी? देसले तिच्याकडे बघून मान डोलवत होते. अध्यक्षांनी अहवालाचा कागद बाईंपुढे सरकवला आणि रिवाजाप्रमाणे सभागृहाकडे वळून विचारलं, “कुणाला काही विचारायचं आहे?”

पहिल्या रांगेतून काठी वर झाली.

“माझा प्रश्न नाही हो, हट्ट आहे,” सर म्हणाले. “हिने चौथं प्रकरण मला ऐकवलंच नाही. माझ्या कार्डावरची कसली ओळ आहे म्हणे. दिसत तर नाही मला. एकदा मोठ्याने वाचून दाखव की, हेमांगी.”

लोक कौतुकाने हसले. हेमांगी उभी राहिली. समोर पडद्यावर ओळ होती, काळी, ठळक. वाचायची आणि खाली बसायचं, एवढंच होतं. सर मान एका बाजूला करून कान देऊन बसले होते. वर्गात उत्तर ऐकताना बसायचे तसेच. आणि या माणसाला मी आता काय ऐकवणार आहे, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची इतकी भीती वाटली की मघाची सगळी भीती त्यापुढे काहीच नव्हती.

“सर, ती ओळ मूळ पानावर नाहीये,” ती म्हणाली.

देसले खुर्चीतून अर्धे उठले.

“मी परवा बघितलं. समास कोरा आहे. मघाशी मॅडमनी विचारलेलं, तर मी पाहिलं म्हणून सांगितलं. ओळ आहे असंच त्यांना वाटू दिलं. मी घाबरले होते.” ती सरांकडे वळली. “मला वाटलं, तुम्ही… मला माहीत नाही, सर, ती तिथे कशी आली.”

“वाच तर आधी.”

तिने वाचली. तुम्ही दोघं इथेच थांबा, मी दिवा घेऊन येतो. हजार वर्षांपूर्वीच्या उच्चारांत, थांबत थांबत.

सर मोठ्याने हसले. खदाखदा हसले. “अगं वेडे, पानावर असेल कशी? ती माझी ओळ! लाल ओळ ती!”

“लाल?”

“निळ्या शाईने लिहिलेलं म्हणजे मी डोळ्यांनी पाहिलेलं. लाल म्हणजे मी रचलेलं, पोरांच्या सरावासाठी. मला त्या चांदण्या आवडत नाहीत, बारीक असतात, पुसट होतात. म्हणून लाल शाई. ज्या शब्दाला पुरावा नाही तो लाल. वर्गात लाइट गेले होते तेव्हा फळ्यावर लिहिली होती ती.” ते हसता हसता थांबले. “कार्डावर दिसत नव्हतं तुला?”

“माझ्याकडे झेरॉक्स होती, सर.”

झेरॉक्समध्ये सगळंच काळं. निळं काळं, लाल काळं. वरच्या ओळीचा ग्रंथ आणि पानाचा आकडा खालच्या ओळीला आपोआप लागलेला, आणि खाली आहे म्हणून ती समासातली ठरलेली. सरांना हे समजायला वेळ लागला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. हेमांगीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. या माणसाने काही लपवलं नव्हतं, उलट रंग बदलून सांगितलं होतं. दोन रात्री तिने त्यांच्याच माथी मारलं होतं ते.

“पण इतक्या वर्षांत कुणीतरी मला विचारायचं,” सर म्हणाले. “मी कुठे लांब होतो? डोंबिवलीतच होतो.”

तेव्हा व्यासपीठावरची खुर्ची मागे सरकली. डॉ. स्वप्ना करंदीकर उभ्या राहिल्या होत्या.

“सर, मीसुद्धा,” त्या मराठीत म्हणाल्या. इतका वेळ त्या फक्त इंग्रजीत बोलत होत्या. “स्वप्ना. सत्त्याण्णवची बॅच. खिडकीजवळचा बाक.”

“तरीच! सकाळपासून आठवत बसलोय, हा आवाज कुणाचा,” सर म्हणाले. “मग मघाशी बोलली का नाहीस?”

दोन्ही हातांनी बाईंनी टेबलाची कड धरली होती.

“माझ्या प्रबंधातही तीच ओळ आहे. बावीस वर्षांपूर्वी डिग्री मिळाली. दोन वर्षांनी तिकडे गेले तेव्हा हौसेने ते पान बघायला मागितलं. समास कोरा होता. तेव्हापासून मी प्रबंध छापला नाही. सगळे विचारतात, का नाही छापला? तुम्हाला एकदाही फोन केला नाही. परीक्षक म्हणून कुठलाही प्रबंध आला की आधी मागची यादी उघडते, तुमचं नाव आहे का बघते. या प्रबंधात होतं.” त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. “यांना विचारलं तेव्हा यांनी हो म्हटलं. मला कळलं की या खोटं बोलतायत. आणि मला बरं वाटलं, सर.”

मागच्या रांगेतून आईचा आवाज आला, “काय झाला? पास ना?”

अध्यक्ष घसा साफ करत उभे राहिले. अहवालाचा कागद बाईंनी कोराच त्यांच्याकडे सरकवला. “यावर सही करायचा मला अधिकार नाही,” त्या म्हणाल्या. “दुसरे परीक्षक नेमा. माझ्या विद्यापीठाला मी स्वतः पत्र लिहिते.” प्रबंध दुरुस्तीसाठी परत केल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. चौथं प्रकरण काढायचं, सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. म्हणजे पुढच्या महिन्यातली मुलाखत गेली. हेमांगीने ते ऐकलं आणि तिला रडू आलं, पण आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

सभागृह रिकामं व्हायला लागलं. देसले तोंड वाकडं करून निघून गेले. हेमांगी सरांजवळ आली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला, काही बोलता येईना. बाई दोन पावलं मागे उभ्या होत्या.

“बसा दोघी,” सर म्हणाले. “इकडे एक, तिकडे एक. झेरॉक्स आहे का कुणाकडे?”

दोघींकडेही होती. हेमांगीची नवी, स्पायरल बाइंडिंगची. बाईंची पिवळी पडलेली, पिशवीच्या तळातून निघालेली. कडा झिजलेल्या होत्या.

“वाचा,” सर म्हणाले. “पहिल्यापासून. मी सांगतो लाल कुठली आणि निळी कुठली. रंग दिसत नाहीत आता, पण आठवतात.”

हेमांगीने पहिलं कार्ड वाचलं. सर लगेच म्हणाले, “निळी.” बाईंनी दुसरं वाचलं. “निळी. त्या पानावर मेणाचा डाग होता.” तिसरं लाल निघालं. बाईंनी पेनाने त्याच्या डोक्यावर चांदणी काढली. चौथं निळं, पाचवं निळं. आई लांबून बघत होती, डबे उघडावेत की नाही तिला कळेना. हेमांगीचा वाचायचा वेग वाढला. लाल थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांवर तिचं काही उभं नव्हतं.

अकरावं कार्ड हेमांगीने वाचलं. ‘आम्ही दोघं एकाच घरात राहिलो.’ तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावरचं पहिलं उदाहरण. वाचता वाचता तिने बाईंकडे पाहिलं आणि तिला कळलं, त्यांच्याही पहिल्या पानावर हेच होतं.

“मॅडम, हे तुम्ही तिकडे पाहिलंत ना?” तिने हळूच विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी दुसरं पान उघडायची हिंमत झाली नाही.”

अकराव्या कार्डावर नोंदवलेलं पान अजून नेटवरही आलं नव्हतं. सरांनी डोळे मिटले होते.

“सर?”

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं. सरांचे ओठ हलले, काठीवरचं बोट दोनदा आपटलं आणि थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

“थांबा,” सर म्हणाले. “आठवतोय.”

सरांच्या पाठीमागून बाईंनी हात लांब केला आणि हेमांगीचं मनगट घट्ट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. तिचाही तसाच होता. दोघी सरांच्या तोंडाकडे बघत बसून राहिल्या.